तारेचे वेढे

शिरवण्यातील हार्डवेअरच्या दुकानात नळासाठी लागणारा प्लॅस्टिकचा पाइप तुम्ही पाहिला असेल. विज्ञानाची हौस असणारे लोक अशा पाइपाचा तुकडा घेतात. तो स्वच्छ पुसून वाळवतात आणि त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळतात. एकाला एक लागून शेकडो वेढे! एक वेढा दुसऱ्यावर चढला किंवा पाइपात ओल राहिली, तर सारी मेहनत वाया जाऊ शकते. या यंत्राला टेस्ला कॉइल म्हणतात. ते विजेचा दाब खूप वाढवते. मग हवेत लखलखती ठिणगी उडते. हे यंत्र शोधून काढणारे निकोला टेस्ला कोण होते?

निकोला टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. हे खेडे आज क्रोएशिया देशात आहे. वडील धर्मगुरू होते. आई शाळेत गेली नव्हती. पण घरकामाची अवजारे ती स्वतः बनवत असे. डोक्याबरोबर हातही चालले पाहिजेत, हा धडा निकोलाला घरातच मिळाला.

१८८४ साली टेस्ला अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी काही महिने एडिसन यांच्या कंपनीत नोकरी केली. नोकरी सुटल्यावर वाईट दिवस आले. एवढा हुशार इंजिनिअर, पण पोटासाठी त्यांना खड्डे खणण्याची मजुरी करावी लागली. तरी त्यांनी हिंमत सोडली नाही. १८८८ साली प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या त्यांच्या मोटारीला पेटंट मिळाले आणि त्यांचे नाव झाले.

१८९१ साली त्यांनी टेस्ला कॉइल तयार केली. तिच्यात दोन वेटोळी असतात. एकात थोडे वेढे, तर दुसऱ्यात पुष्कळ. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला, की झोका उंच जातो. तसेच पहिले वेटोळे दुसऱ्याला ठरावीक वेळी धक्के देते आणि विजेचा दाब चढत जातो. तार ज्यावर गुंडाळायची, ती नळी वीज वाहू न देणारी हवी. तेव्हा आजच्यासारखे प्लॅस्टिक नव्हते. टेस्लांनी कठीण रबराच्या नळ्या घेतल्या. प्रत्येक नळी आतून सुमारे ८ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड होती. एकेका नळीवर त्यांनी २६० वेढे दिले. वेढ्यांमध्ये ठिणग्या उडू नयेत, म्हणून सारे यंत्र तेलात बुडवले. १८९२ साली लंडनमधील भाषणात त्यांनी ही सर्व मापे लोकांना सांगून टाकली. आपली युक्ती लपवून ठेवली नाही.

१३ मार्च १८९५ रोजी न्यूयॉर्कमधील त्यांच्या प्रयोगशाळेला आग लागली. यंत्रे, नमुने, कागदपत्रे, सारे जळून खाक झाले. विमाही उतरवलेला नव्हता. अनेक वर्षांची कमाई एका रात्रीत गेली. पण जे त्यांनी इतरांना सांगितले होते, ते जळाले नाही. टेस्लांनी नवी जागा घेतली आणि पुन्हा पहिल्या वेढ्यापासून काम सुरू केले.

पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, नायगारा धबधब्यावर तयार झालेली प्रत्यावर्ती वीज बफेलो शहरात पोहोचली. आपल्याकडेही १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना अशीच वीज मिळू लागली. आज शिरवण्यातील तुमच्या घरातला दिवाही प्रत्यावर्ती विजेवरच जळतो.

टेस्लांच्या हाती पैसा टिकला नाही. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील खोलीत त्यांचे निधन झाले. १९६० साली चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले.

मित्रांनो, टेस्ला कॉइलची वीज जीवघेणी ठरू शकते. म्हणून ती घरी करून पाहू नका. पण प्लॅस्टिकच्या नळीवर नुसती तार गुंडाळून पाहायला हरकत नाही. शंभराव्या वेढ्याला हात दुखू लागेल. एखादा वेढा चुकेल आणि तार उलगडून पुन्हा सुरुवात करावी लागेल. तेव्हा आग विझल्यावर रिकाम्या हातांनी उभे असलेले टेस्ला आठवा आणि पुढचा वेढा घाला.