संत जॉन ऑफ गॉड : गोरगरिबांचा ऋणको

८ मार्चला आपण संत जॉन ऑफ गॉड यांचा सण साजरा करतो. १४९५ साली पोर्तुगालमध्ये जन्मलेले जॉन आधी सैनिक, मग पुस्तकविक्रेते होते. स्पेनमधील ग्रॅनाडा शहरात एक प्रवचन ऐकून ते पश्चात्तापाने इतके व्याकूळ झाले की लोकांनी त्यांना वेडे ठरवून इस्पितळात डांबले. तेथे रुग्णांना होणारी मारहाण त्यांनीही सोसली. सुटल्यावर त्यांनी गरिबांसाठी रुग्णालय उघडले. रात्री भिक्षा मागून ते रुग्णांना पोसत आणि शहरातील विधवा, अनाथ व वेश्यांनाही हात देत. कर्ज वाढले, पण दार बंद झाले नाही. १५५० साली मरताना त्यांनी कर्जाची वही आर्चबिशपांकडे सोपवली. आज ते रुग्णालयांचे आश्रयदाते संत आहेत. आपण रुग्णाला भेटायला जाऊ, तेव्हा शेजारच्या एकाकी खाटेपाशीही क्षणभर थांबूया.