ओ'डॉनेल : एक आडनाव, दोन वारसे

आयरिश आडनावातील 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. 'डॉनेल' हे ज्या प्राचीन नावाचे रूप आहे, त्याचा अर्थ जगावर सत्ता चालवणारा. या ओ'डॉनेल घराण्याने आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगलच्या मुलखावर शतकानुशतके राज्य केले. स्तोत्रसंहितेचे एक अतिप्राचीन लॅटिन हस्तलिखित त्यांच्याजवळ होते. ते पेटीत बंद करून, रक्षण व्हावे म्हणून, रणांगणावर नेत असत. त्यामुळे त्या ग्रंथालाच 'लढवय्या' असे नाव पडले.

या घराण्यातील सर्वांत नामांकित पुरुष ह्यू रो ओ'डॉनेल. त्याचा जन्म १५७२ चा. १५८७ साली द्राक्षारसाचे आमिष दाखवून इंग्रजांनी त्याला जहाजावर बोलावले व कैद केले. डब्लिनच्या किल्ल्यातून तो एकदा निसटला, पण पुन्हा पकडला गेला. १५९२ च्या आरंभी, ऐन हिवाळ्यात, तो दुसऱ्यांदा पळाला. विक्लोच्या बर्फाळ डोंगरात त्याचा सोबती आर्ट ओ'नील गारठून मरण पावला. ह्यूच्या पायांचे अंगठे कापावे लागले. त्याच वर्षी तो घराण्याचा प्रमुख झाला. १५९८ साली यलो फोर्ड येथे मित्रसैन्यासह त्याने इंग्रजांचा मोठा पराभव केला. परंतु १६०१ च्या नाताळच्या सुमारास किन्सेल येथे सर्व काही हरपले. मदत मागण्यासाठी तो स्पेनला गेला आणि १० सप्टेंबर १६०२ रोजी, वयाची तिशीही न गाठता, सिमांकास येथे मरण पावला. वायादोलिद येथे २०२० साली उत्खनन झाले; तरी त्याच्या अस्थींची ओळख पटली नाही.

डब्लिनमध्ये छापलेल्या आयरिश नव्या कराराच्या मुखपृष्ठावर वर्ष आहे तेच, १६०२. इतरांनी आरंभलेले ते भाषांतर मूळ ग्रीकवरून पूर्णत्वास नेणारा विल्यम ओ'डॉनेल हा ट्रिनिटी कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. १६०९ मध्ये तो ट्यूमचा आर्चबिशप झाला व १६२८ मध्ये निवर्तला. आडनाव तेच; परंतु ज्या राजसत्तेशी ह्यू लढला, तिच्याच मंडळीचा हा सेवक.

एका ओ'डॉनेलांनी शास्त्र बंद पेटीतून युद्धात नेले, दुसऱ्याने ते मातृभाषेत उघडून दिले. तथापि ते विजेत्यांच्या छापखान्यातून आले, आणि बहुसंख्य आयरिश लोक त्यापासून दूरच राहिले. भाषांतर करणाऱ्या आम्हां सर्वांना यात इशारा आहे. शब्द अचूक असले तरी तेवढ्याने भागत नाही. ते कोणाच्या हातून येतात, हे जखमी मन आधी पाहते.