साष्टीचे फादर स्टीफन्स

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी पूर्वजांचे स्मरण करावे, ही आपली जुनी रीत आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चार माणसे जमली की मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी व छत्तीसगढीही कानी पडते. घरची बोली एक, शाळेची दुसरी आणि प्रार्थनेची तिसरी. मग आपण खरे कोण, असा प्रश्न तरुणांच्या मनात येतो. ज्यांच्या आयुष्यातून या प्रश्नास उत्तर मिळते, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

फादरांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी त्या देशात कॅथोलिक मताने राहणे संकटाचे झाले होते. पुढे ते रोमला गेले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. तेथील साष्टी प्रांतात त्यांनी आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे वेचली.

साष्टीत लोकांच्या तोंडी कोंकणी होती व पुराणे मराठीत ऐकली जात. मुलांस धर्मशिक्षण देणे, पापनिवेदन ऐकणे, आजाऱ्यांस भेटणे ही धर्मगुरूची नित्याची कामे. ती दुभाष्याच्या आधाराने कोठवर चालणार? फादरांनी दोन्ही भाषा आत्मसात केल्या. १५८३ साली भावास लिहिलेल्या पत्रात, या देशीच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, हे त्यांनी नमूद केले. त्यांचे कोंकणी व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० साली छापले गेले.

तो काळ सुखाचा नव्हता, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय व त्यांचे सोबती मारले गेले. पुढे पोर्तुगिजांनी तेथील गावकऱ्यांस बोलावून ठार केले. अशा दुभंगलेल्या मुलखात फादरांस राहावयाचे होते.

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. परंतु ओवीची गोडी कशी सुटावी? रविवारी मुलांचे धर्मशिक्षण चालू असता एका ब्राह्मण गृहस्थाने, आमच्यासाठी असे पुराण का नसावे, अशी पृच्छा केल्याचा प्रसंग फादरांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घातला आहे. त्या मागणीतून ‘ख्रिस्तपुराण’ जन्मले व १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ, देवनागरी खिळे नसल्यामुळे, रोमन लिपीत छापावा लागला. त्यात स्वर्गास वैकुंठ म्हटले आहे. मराठीची थोरवी गाताना मोगरा, कस्तुरी व मोर यांचे दाखले दिले आहेत. हे शब्द केवळ कोशातून उचललेले नव्हेत. दारोदारी, ओसरीवर, आजाऱ्याच्या उशाशी ऐकता ऐकता ते फादरांचे स्वतःचे झाले.

म्हणून ते इंग्रज राहिले नाहीत, असेही नव्हे. १५८३ साली गोव्यात कैद झालेल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या सुटकेसाठी त्यांनी साहाय्य केले. मायदेशाची माया व साष्टीची माया एकाच हृदयात नांदली.

१६१९ साली फादर निवर्तले. ग्रंथाच्या १६४९ व १६५४ साली पुनः आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने, लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले. तरीही पुराण टिकले. मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत ते गाइले जात असे, व १९०७ साली तेथेच त्याची नवी आवृत्ती निघाली. फर्मानाने भाषा मरत नाही. घरात बोलणारे उरले नाहीत म्हणजे मात्र ती मरते.

आमच्या बंधुभगिनींस एवढीच विनंती की, मुलांस शाळेची भाषा अवश्य शिकवावी. पण आजीच्या बोलीतली प्रार्थनाही त्यांच्या तोंडी राहू द्यावी. एका परदेशी धर्मगुरूने आपली भाषा चाळीस वर्षे जिवापाड जपली. ती आपल्याच उंबरठ्याबाहेर आपण कशी ठेवावी?