पोरं शाळेत येईनात, म्हणून ताराबाईंनी शाळाच अंगणात नेली

अंगणवाडी हा सरकारी योजनेचा शब्द वाटतो. पण १९७५ ला ही योजना आली, त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडकांनी अंगणवाडी भरवली होती.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ ला बी. ए. झाल्या. राजकोटला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथलं बालमंदिर माँटेसरी पद्धतीचं होतं. लहान मुलांना शिकवायचं तर आधी शिक्षकालाच गाता, नाचता, गोष्ट रंगवता आली पाहिजे, हे तिथे पक्कं झालं. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढलं. सोबत शिक्षिका घडवणारं अध्यापन मंदिरही.

खरी परीक्षा झाली १९४५ मध्ये, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग ताराबाई आणि अनुताई वाघ वस्तीतच गेल्या. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती (आणि इथे त्यांची गरजही नव्हती!). शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं. मोजणीही त्यातूनच आणि नक्षीही. जोडीला गाणी आणि गोष्टी.

१९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ गेलं. इथली मुलं गुरं राखायची. त्यांच्यासाठी रानातच कुरणशाळा भरली.

१९६२ ला पद्मभूषण मिळालं. १९७३ ला ताराबाई गेल्या. कोसबाडचं काम पुढे अनुताईंनी चालवलं.