कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, १८ जून १९११ – २८ जून १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. कडधान्यांतील प्रथिने, वनस्पतिपेशींचे श्वसन आणि नीरेचे पोषणमूल्य हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होत. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत पदव्युत्तर संशोधनासाठी प्रवेश मिळवताना त्यांनी दिलेला लढा स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

बालपण आणि शिक्षण

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी होते. ज्येष्ठ लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ मध्ये कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय होता.

बंगळूर येथील पदव्युत्तर संशोधन

पदवीनंतर कमलाबाईंनी बंगळूरच्या संस्थेकडे अर्ज केला. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन हे त्या वेळी संस्थेचे संचालक होते. परीक्षेतील गुणवत्ता असूनही, केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. हा निर्णय त्यांनी मान्य केला नाही. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग अवलंबला.

अखेर त्यांना सशर्त प्रवेश देण्यात आला. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, प्रसंगी रात्रीही काम करावे लागणार होते आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष सहकाऱ्यांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशीही अट होती. या अटी अपमानास्पद वाटूनही संशोधनाची संधी जाऊ नये म्हणून त्यांनी त्या स्वीकारल्या.

एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. बहुसंख्य भारतीयांना प्रथिने मुख्यतः डाळी-कडधान्यांतूनच मिळत असल्याने या विषयाचा लोकांच्या पोषणाशी थेट संबंध होता. वर्षभरातील त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित संशोधनाची अनुमती मिळाली आणि पुढे संस्थेत इतर विद्यार्थिनींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये या संशोधनावर मुंबई विद्यापीठाने त्यांना एम.एस्सी. पदवी दिली.

केंब्रिज

एम.एस्सी.नंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या १९३७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्यांनी प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासोबत काम केले. बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले. पेशीश्वसनात इलेक्ट्रॉन पुढे वाहून नेण्याचे काम हे प्रथिन करते. प्राण्यांच्या पेशींप्रमाणे वनस्पतिपेशींच्या श्वसनातही त्याचा सहभाग असतो, हे या संशोधनातून पुढे आले. केवळ चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

भारतातील कार्य

१९३९ मध्ये भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्यानंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यक संचालक म्हणून काम केले. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला स्थायिक झाल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. पुढे त्यांनी या संस्थेचे संचालकपदही भूषविले.

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांसह कडधान्यांतील प्रथिनांवरील संशोधन पुढे नेले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. शिंदी, माड यांसारख्या झाडांपासून मिळणाऱ्या या ताज्या, न आंबलेल्या रसात जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांनी दाखवले. आहारात नीरा दिल्याने कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रियांच्या प्रकृतीत सुधारणा होते, असेही या अभ्यासात दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत मार्गदर्शन केले.

ग्राहक चळवळ

कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेच्या त्या सक्रिय सदस्य होत्या. १९८२-८३ मध्ये त्यांनी संघटनेचे अध्यक्षपद भूषविले आणि तिच्या 'कीमत' या नियतकालिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले.

निधन

१९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांच्या गौरवार्थ दिल्लीत आयोजित केलेल्या समारंभात त्या अचानक कोसळल्या. त्यानंतर अल्पावधीतच, २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.