फ्लॉरेन्स नाइटिंगेल : रुग्णाशी बोलण्याची विद्या

दरवर्षी १२ मे रोजी जगभर परिचारिका दिन साजरा होतो, तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस म्हणून. त्या दिवशी रुग्णालयांतून जे चित्र झळकते त्यात रात्रीच्या अंधारात हाती दिवा घेऊन खाटांच्या रांगांमधून जाणारी एक स्त्री असते, आणि ती मूक असते. फेब्रुवारी १८५५ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने छापलेल्या चित्राने ही प्रतिमा रूढ केली. ती लोकांच्या मनावर इतकी पक्की ठसली की दिवा हाती धरणाऱ्या बाईंनी बोलण्याविषयी, विचारण्याविषयी आणि ऐकण्याविषयी जे सांगितले ते जवळजवळ झाकून गेले. रुग्णाशी कसे बोलावे हे केवळ मृदू स्वभावावर सोडून चालत नाही, ते शिकावे आणि शिकवावे लागते, असे मानून त्याचे नियम त्यांनी कागदावर उतरवले.

त्यांचा जन्म १८२० चा. आईवडील इटलीत प्रवास करीत असताना ज्या शहरात मुलगी जन्मली त्याचेच नाव तिला मिळाले. घराणे सधन होते. डर्बीशायरमध्ये एक वाडा आणि हॅम्पशायरमध्ये दुसरा. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ होती. वयाच्या सोळाव्या वर्षी, फेब्रुवारी १८३७ मध्ये, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी तिची खात्री झाली. मात्र ती सेवा कोणती, हे उमगायला आणि उमगल्यावर घरच्यांना पटवायला तब्बल सोळा वर्षे गेली. त्या काळी इंग्लंडमधल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या बायकांची ख्याती अशी होती की सभ्य घरातल्या मुलीने तिकडे पाऊल टाकणे म्हणजे कुळाला बट्टा. आईने आणि बहिणीने कडाडून विरोध केला. चालून आलेले चांगले स्थळ फ्लॉरेन्सने नाकारले, आणि १८५१ मध्ये जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे पाद्री फ्लीडनर यांच्या संस्थेत तीन महिने राहून रुग्णसेवेचे धडे घेतले.

१८५३ मध्ये लंडनमधील आजारी सभ्य स्त्रियांसाठी चालणाऱ्या एका छोट्या रुग्णालयाचा कारभार त्यांच्याकडे आला. रुजू होण्यापूर्वीच त्यांनी चालकांपुढे मागण्या ठेवल्या: प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर नेण्यासाठी लहानशी लिफ्ट, आणि घंटांची एक विशिष्ट रचना. रुग्णाने दोरी ओढली की त्या मजल्यावरच्या परिचारिकेच्या दाराबाहेर घंटा वाजावी, आणि त्याच वेळी एक झडप उघडून ती तशीच उघडी राहावी, म्हणजे कोणी बोलावले हे परिचारिकेला नंतरही कळेल. चालकांना हा नसता खर्च वाटला असल्यास नवल नाही. पण रुग्णाची हाक योग्य माणसापर्यंत पोहोचलीच पाहिजे, आणि ती हवेत विरता कामा नये, हा विचार त्या झडपेत आहे. आजच्या वॉर्डातील खाटेशेजारचे बटण आणि दारावर पेटून राहणारा दिवा ही त्याच कल्पनेची पुढची रूपे म्हणायला हरकत नाही.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. युद्धखात्याचे मंत्री आणि स्नेही सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांना घेऊन त्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथली घाण, उंदीर, तुंबलेली गटारे, पटकी आणि हगवण यांची हकिगत अनेकदा सांगून झाली आहे. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्यांपैकी शंभरात ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे उपसली, हवा खेळती केली, तेव्हाच हा आकडा झपाट्याने खाली आला. याचे सगळे श्रेय दिव्याच्या फेऱ्यांना देणाऱ्या चरित्रकारांनी खुद्द नाइटिंगेल यांच्यावरच अन्याय केला आहे, कारण परतल्यावर आकडेवारी तपासून गटारांचे महत्त्व ठासून सांगणाऱ्यांत त्याच पुढे होत्या.

स्कुटारीतले त्यांचे दुसरे एक काम मात्र फारसे सांगितले जात नाही. दिवसाचा राबता संपल्यावर त्या पत्रे लिहीत बसत. जो शिपाई गेला त्याच्या आईला किंवा बायकोला तो कसा गेला, शेवटी कोणाची आठवण काढली, मागे काय ठेवले, हे त्या कळवीत. सैन्यातल्या साध्या शिपायाच्या मरणाची अशी वैयक्तिक खबर घरी जाणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. शिपाई पगार दारूत उडवतो, त्याला घरी पैसे पाठवायचेच नसतात, हा अधिकाऱ्यांचा समज होता. नाइटिंगेल यांनी स्वतः पैसे गोळा करून इंग्लंडला धाडायला सुरुवात केली आणि तो समज खोटा पाडला. बरे होत असलेल्यांसाठी वाचनाच्या खोल्याही त्यांनी उघडल्या.

मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा येथे त्यांना जबर ताप आला. त्यातून त्या वाचल्या, पण पूर्ण बऱ्या कधीच झाल्या नाहीत. १८५६ मध्ये त्या गाजावाजा टाळून घरी परतल्या, आणि १८५७ च्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळल्या. त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांनी बहुतेक करून खोलीतच, पलंगावर किंवा कोचावर काढली. सैन्यातले मृत्यू दाखवणारी ती प्रसिद्ध रंगीत वर्तुळाकृती चित्रे याच काळातली. कोष्टके वाचण्याचा कंटाळा असणाऱ्या मंत्र्यांना आणि राणीला एका नजरेत कळावे म्हणून ती काढलेली होती. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

१८५९ च्या अखेरीस परिचर्येवरचे त्यांचे छोटे पुस्तक बाहेर पडले, तेव्हा लेखिका स्वतः दोन वर्षे रुग्ण होती. हे ध्यानात ठेवून ते वाचले तर त्याचा अर्थ पालटतो. हवा, उजेड, बिछाना, अन्न यांवरची प्रकरणे परिचारिकेने लिहिलेली वाटतात. गोंगाटावरचे आणि पोकळ दिलाशांवरचे प्रकरण मात्र खाटेवर पडून दुसऱ्यांचे बोलणे सोसलेल्या बाईने लिहिले आहे.

त्यात सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. रुग्णाशी पाठीमागून, दारातून किंवा लांबून बोलू नये. मान न वळवता त्याला आपला चेहरा दिसेल अशा जागी बसावे. तो चालत असताना त्याला प्रश्न विचारू नये. खाटेला टेकू नये, ती हलवू नये. घाईत आहोत असे त्याला भासू देऊ नये. दोन मिनिटेच द्यायची असली तरी ती बसून द्यावीत. सर्वांत क्रूर गोष्ट कोणती, तर खोलीत किंवा दाराबाहेर चाललेली कुजबुज, कारण ती आपल्याविषयीच आहे हे रुग्णाला ठाऊक असते आणि ऐकण्यासाठी तो जिवाचे कान करतो. डॉक्टर आणि नातेवाईक उंबऱ्याशी उभे राहून हलक्या आवाजात जे बोलतात त्याचा तडाखा औषध चुकल्याइतका बसतो, असे त्यांचे मत होते. आपण बाहेर जाणार असू तर किती वेळासाठी हे आधी सांगावे, चोरपावलांनी निसटू नये. प्रत्यक्ष श्रमापेक्षा अनिश्चितता, वाट पाहणे आणि अचानक काही घडेल ही धास्ती रुग्णाला जास्त थकवते.

भेटायला येणाऱ्यांवर त्यांचा खास राग. काही नाही, लवकर बरे व्हाल, असे न तपासता म्हणणारा माणूस रुग्णाला धीर देत नाही, त्याला एकटे पाडतो. आपल्या दुखण्याविषयी खरे बोलायला मग समोर कोणीच उरत नाही. त्यापेक्षा बाहेरच्या जगातली एखादी चांगली घडलेली गोष्ट सांगावी, कोणाचे काम तडीस गेले ते सांगावे. रुग्णाला ते आवडते. समाचाराला येऊन काढे, पथ्ये आणि चुलत्याच्या आजाराची कथा सुनावणारी मंडळी मराठी घरांतही काही दुर्मीळ नाहीत.

निरीक्षणावरच्या प्रकरणात प्रश्न कसा विचारावा याचा विचार आहे. रात्र बरी गेली का, हा प्रश्न त्यांच्या लेखी निरुपयोगी. एखाद्याला सलग दहा तास झोप न मिळाली की रात्र वाईट वाटते, तर दुसरा तुटक डुलक्यांवर समाधान मानतो. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, असे विचारले तर उत्तर कामाचे येते. आधीच उत्तर सुचवणारा प्रश्न रुग्णाला हो म्हणायला लावतो, आणि ते हो डॉक्टरांच्या कानी गेले की उपचार चुकतो. परिचारिकेने डॉक्टरांना आपले मत सांगण्याआधी पाहिलेले तथ्य सांगावे, हा आग्रह इथून आला.

मराठीत या सेवेला शुश्रूषा म्हणतात. संस्कृतातला त्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. नाइटिंगेल यांना संस्कृत येत नव्हते, पण त्यांच्या पुस्तकाला याहून नेमके मराठी नाव शोधून सापडणार नाही. पुस्तकाच्या १५,००० प्रती थोड्याच काळात खपल्या.

जी बाई इतके जाणत होती तिने ते नेहमी आचरले असे मात्र नाही. सिडनी हर्बर्ट हे त्यांच्या सुधारणांचे संसदेतले मुख्य आधारस्तंभ. १८६१ मध्ये ते मूत्रपिंडाच्या विकाराने खंगत चालले होते आणि काम झेपत नसल्याचे त्यांनी कळवले. त्यावर नाइटिंगेल यांनी त्यांना सांत्वन न देता बोल लावले. हातात आलेला डाव घालवला, अशा सुरात. २ ऑगस्टला हर्बर्ट गेले. नंतर त्या खूप शोक करीत राहिल्या, पण आजारी माणसाशी घाईने बोलू नये असे दोनच वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या लेखणीने तेच केले होते. चरित्रकार हा प्रसंग सहसा त्यांच्या ध्येयनिष्ठेच्या खात्यात जमा करतात. तो त्या खात्यात बसत नाही.

दरम्यान १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका शाळा सुरू झाली. लोकवर्गणीतून जमलेला सुमारे ४५,००० पौंडांचा निधी त्यामागे होता. विद्यार्थिनींची दरमहा नोंद ठेवण्यासाठी छापील तक्ता होता. त्यात वक्तशीरपणा आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला शांतपणा हाही गुण मोजला जाई, आणि रुग्णाच्या निरीक्षणाला स्वतंत्र रकाने होते. आज भारतातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या परिचारिकेला नोंदणीपूर्वी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आरोग्यसेवकांसाठीच्या ओईटी परीक्षेत रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी संभाषण करून दाखवावे लागते. व्याकरणापलीकडचे काहीतरी तपासले पाहिजे, हा विचार त्या जुन्या तक्त्याला परका नाही.

नाइटिंगेल स्वतः मात्र माणसांपासून दूर होत गेल्या. मेफेअरमधील साउथ स्ट्रीटवरच्या घरी त्या एका वेळी एकालाच, तेही ठरवून भेटत. सहकारी डॉ. सदरलंड यांना ऐकू कमी येई. ते खाली बसलेले आणि बाई वर, अशा स्थितीत दोघांमध्ये चिठ्ठ्यांची ये-जा चाले.

याच खोलीतून त्यांनी भारताचा अभ्यास केला, प्रत्यक्षात कधीही न येता. सुरुवात सैन्याच्या छावण्यांपासून झाली, पुढे दृष्टी खेड्यांकडे वळली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १८९२ मध्ये इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात त्यांनी आरोग्यसेविकांची एक योजना सुरू करवली. त्या स्त्रियांनी तपासनीस म्हणून न जाता घरच्या बाईचा विश्वास मिळवून तिच्या चुलीपाशी बोलावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी भारतीय खेड्यांत आरोग्याची व्याख्याने कशी व्हावीत यावर त्यांनी लेख लिहिला. सरकारी परिपत्रकाने विहीर स्वच्छ होत नाही, ते काम ओळखीच्या माणसाच्या बोलण्याने होते, ही समज त्यांना तोवर आली होती.

३० जुलै १८९० रोजी एडिसनच्या यंत्रावर मेणाच्या नळीत त्यांचा आवाज मुद्रित झाला. बालाक्लाव्हाच्या लढाईतून वाचलेल्या, आता हलाखीत दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या शिपायांसाठी निधी उभारायचा होता. सत्तरी गाठलेल्या बाई त्या जुन्या सोबत्यांना आशीर्वाद देतात आणि अखेरीस आपले नाव सांगतात. खरखरीतून येणारा तो आवाज सावकाश आणि स्पष्ट आहे.

पुढे दृष्टी गेली, स्मृतीही क्षीण झाली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबाने नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली. तिथल्या दगडावर पूर्ण नाव नाही. दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूचे सन आहेत.