टीम मोडलेली, कोच एकोणीस वर्षांचा

समजा, तुमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा पार बोऱ्या वाजलाय. सिनिअर पास आउट झाले, दोन चांगले खेळाडू समोरच्या कॉलेजात गेले, किटला पैसे नाहीत. ज्या कोचने मोठ्या कष्टाने टीम पुन्हा उभी करायला घेतली होती, तोच अचानक वारला. आता नवा कोच निवडायचाय. एका बाजूला वयाने, अनुभवाने मोठी माणसं. दुसऱ्या बाजूला जुन्या कोचचा मुलगा, वय १९. तुम्ही जिमखाना सेक्रेटरी असता तर कुणाचं नाव पुढे केलं असतं?

अमेरिकेतल्या प्रोफेशनल बास्केटबॉलमध्ये सीझन संपला की कुठली ना कुठली पडलेली टीम याच प्रश्नाशी झगडत असते. नाव झालेला माणूस आणायचा की नव्या दमाचा? आधी बचाव पक्का करायचा की थेट हल्ल्याचा खेळ खेळायचा? हे सगळं आपल्या सातारा जिल्ह्यात ३०० वर्षांपूर्वी घडून गेलंय. फक्त तिथे पणाला ट्रॉफी नव्हती, राज्य होतं. आणि निवड करायची होती छत्रपती शाहू महाराजांना.

थांबा, हे कोल्हापूरचे राजर्षी शाहू नव्हेत. हे छत्रपती संभाजी महाराजांचे आणि येसूबाईंचे पुत्र, शिवाजी महाराजांचे नातू. आज तुम्ही साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ज्या पेठांतून गाडी काढता, ते शहर वसवणारे शाहू महाराज.

त्यांचा जन्म १८ मे १६८२ चा, माणगावजवळच्या गांगवलीचा. सातव्या वर्षी, १६८९ मध्ये रायगड पडला आणि आईसोबत ते मोगलांच्या कैदेत गेले. पुढची जवळजवळ १८ वर्षं औरंगजेबाच्या छावणीत गेली. विचार करा, तुम्ही दुसरीत असताना घर सुटलं आणि परत आलात ते डिग्री, नोकरी सगळं व्हायच्या वयात. त्या वर्षांत महाराजांना ना घोडदळ चालवायला मिळालं, ना कारभार. पण छावणीत बसून त्यांनी एक गोष्ट भरपूर पाहिली असणार. माणसं. कोण कशाने फुटतो, कोण कशाने टिकतो, हे.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशाह याने शाहूंना सोडलं, पण आई येसूबाईंना ठेवून घेतलं. सोडण्यामागे हिशेब साधा होता. इकडे महाराणी ताराबाईंनी राज्य सांभाळलं होतं, औरंगजेबाशी टक्कर दिली होती. शाहू परतले की घरात दोन दावेदार होणार, आणि मराठे आपसात लढणार. झालंही तसंच. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. सेनापती धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला आले आणि पारडं फिरलं. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

राज्याभिषेक झाला म्हणजे राज्य हातात आलं, असं समजू नका. खजिना रिकामा. धनाजी त्याच वर्षी वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन काही वर्षांत महाराजांना सोडून गेला, शेवटी निजामाला मिळाला. कोकणात कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाचे. त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवलं, तर आंग्र्यांनी पेशव्यांनाच कैद केलं! याहून वाईट सीझन कुठला असेल?

इथे महाराजांनी पहिली मोठी निवड केली. नोव्हेंबर १७१३ मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिलं. बाळाजी काही नामांकित तलवारबहाद्दर नव्हते. हिशेब, वाटाघाटी आणि माणसं जोडणं, ही त्यांची ताकद. त्यांनी आंग्र्यांशी लढाई न करता बोलणी केली आणि कोकणचं आरमार महाराजांच्या बाजूला आणलं. १७१९ मध्ये दिल्लीहून ते दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. येसूबाई तब्बल ३० वर्षांनी सुटून घरी आल्या. महाराजांसाठी यापेक्षा मोठी कमाई कोणती असणार?

आणि एप्रिल १७२० मध्ये बाळाजी सासवडला वारले. गाडी आत्ता कुठे रुळावर येत होती.

महाराज तेव्हा कराडजवळच्या मसूरला होते. पेशवेपद तेव्हा कायद्याने वडिलोपार्जित नव्हतं. बाळाजींच्या आधीचे पेशवे वेगळ्या घराण्यातले होते. म्हणजे महाराजांना निवडीची पूर्ण मोकळीक होती. दरबारात श्रीपतराव प्रतिनिधींसारखी वजनदार माणसं होती. बाळाजींचा थोरला मुलगा बाजीराव याच्या नावाला त्यांचा विरोध होता. वय हा मुद्दा होताच, पण खरा वाद खेळाच्या पद्धतीचा होता. प्रतिनिधींचं म्हणणं असं की आधी घर सावरा, कोकण आणि दक्षिण पक्की करा, मग बाकीचं. बाजीरावाचा कल उलटा. मोगल सत्ता आतून पोखरली आहे, तर घाव उत्तरेत घाला. बचाव की हल्ला, तोच जुना वाद.

दोन्ही बाजूंत दम होता, हे लक्षात घ्या. रिकाम्या खजिन्याच्या राज्याने सावध राहावं, हे म्हणणं काही भित्रेपणाचं नव्हतं. तरीही १७ एप्रिल १७२० ला मसूरच्या मुक्कामी महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रं बाजीरावाला दिली. जन्म १८ ऑगस्ट १७०० चा, म्हणजे विशीही पूर्ण झालेली नव्हती.

हा निव्वळ जुगार होता का? नाही. पोरगा वडिलांसोबत दिल्लीपर्यंत जाऊन आला होता. मोगल दरबार किती पोकळ झालाय, हे त्याने स्वतः बघितलं होतं. महाराजांनी वय नाही, तयारी पाहिली. पण खरी कसोटी निवडीनंतर असते. दोन मॅच हरल्या की कोचला काढा म्हणून ओरडा होतो, तेव्हा मालक काय करतो? महाराजांनी बाजीरावाला वेळ दिला. पहिली मोठी छाप पडायला आठ वर्षं लागली. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं आणि तह करायला लावला. पुढे माळवा, बुंदेलखंड, आणि १७३७ मध्ये थेट दिल्लीच्या वेशीवर धडक.

महाराजांनी त्याला मोकळं सोडलं, पण टीम फुटू दिली नाही. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध उभे राहिलेले सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. आपलीच माणसं आपसात लढली. महाराजांनी बाजीरावाची बाजू घेऊन दाभाड्यांना झिडकारलं नाही. दुखावलेल्या उमाबाई दाभाडे यांची त्यांनी समजूत काढली आणि घराण्याचा मान राखला. त्याच वर्षी कोल्हापूरच्या संभाजी महाराजांशी वारणेचा तह करून भाऊबंदकीचं भांडण मिटवलं आणि वारणा ही दोन राज्यांची सरहद्द ठरली. सांगलीकरांनो, तुमच्या हरिपूरला कृष्णेला येऊन मिळणारी तीच ही वारणा. आणि महाराज फक्त साताऱ्यात बसून राहिले, असंही नाही. १७३९ मध्ये मिरजेचा किल्ला घेतला, त्या मोहिमेत ते स्वतः होते.

आता दुसरी बाजू. एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव वारले. पुन्हा निवड आली. रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाईकांचं नाव पुढे रेटलं. महाराजांनी पेशवेपद दिलं बाजीरावांचा मुलगा नानासाहेब याला. तोही विशीच्या आतबाहेर. माणूस कर्तबगार होता, पण एकाच घरात ही तिसरी निवड. तिसऱ्यांदा तेच झालं की लोक त्याला निवड म्हणत नाहीत, हक्क म्हणतात. महाराजांना मुलगा नव्हता. आपल्यानंतर गादीवर कोण, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत रेंगाळू दिला. १५ डिसेंबर १७४९ ला ते साताऱ्यात वारले आणि बघता बघता कारभार साताऱ्याहून पुण्याला गेला. गादी साताऱ्यात राहिली, सत्ता नाही. उत्तम कोच निवडणाऱ्या मालकाने स्वतःच्या खुर्चीची बेंच मात्र तयार केली नव्हती.

म्हणून मसूरची निवड चुकली का? मला नाही वाटत. ज्या राज्याला १७०८ मध्ये स्वतःचे सरदार धरून ठेवता येत नव्हते, त्याची घोडी ३० वर्षांच्या आत दिल्लीजवळ पोचली. पण एक निवड बरोबर ठरली म्हणून पुढची आपोआप बरोबर ठरत नाही. ती दरवेळी नव्याने करावी लागते.

या सुट्टीत साताऱ्याजवळ संगम माहुलीला एक चक्कर मारा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर महाराजांची समाधी आहे. तिथेच त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. जीव लावणाऱ्याला विसरायचं नाही, हा त्यांचा स्वभाव होता. आणि पुढच्या आठवड्यात जिमखान्याची मीटिंग असेल, तिथे कुणी फक्त वय विचारून एखाद्याचं नाव खोडायला लागलं, तर त्यांना मसूरची गोष्ट सांगा. पण शेवटासकट सांगा.